कॅमेऱ्यातली पाटी

गेल्या दोन-तीन वर्षांपासून आमच्या हायस्कुलात एक नवीच हौस शिरली आहे. नववी-दहावीची मुले घरातल्या कपाटाच्या वरच्या कप्प्यातून पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे डिजिटल कॅमेरे शोधून काढतात आणि सहलीला, स्नेहसंमेलनाला गळ्यात अडकवून येतात. प्रत्येकाच्या घरात मोबाइल असताना हा खटाटोप कशासाठी, असे विचारले तर "ह्याचा फोटो वेगळा येतो, सर" एवढेच उत्तर मिळते. हौसेला मोल नसते म्हणतात. पण मेमरी कार्डाला असते. जुने कार्ड हरवलेले किंवा बिघडलेले असते. नवे आणावे तर बाजारात सर्रास मिळणारे ६४ किंवा १२८ जीबीचे कार्ड त्या कॅमेऱ्याला ओळखताच येत नाही. मग पालक माझ्याकडे येतात : "सर, ह्याला कुठले कार्ड घालायचे?"

इतिहासाच्या मास्तराला विचारावा असा हा प्रश्न नव्हे, असे कोणालाही वाटेल. मला मात्र तो इतिहासाचाच वाटतो. कॅमेरा कोणत्या सालचा हे कळल्याशिवाय त्याला कार्ड निवडता येत नाही. आणि कार्ड ही वस्तू मुळात कशासाठी जन्माला आली हे ध्यानात घेतल्याशिवाय आपल्या घरच्या आठवणी तिच्यात किती दिवस ठेवाव्यात, हेही ठरवता येत नाही. या दुसऱ्या गोष्टीकडे बहुतेक घरांत काणाडोळा झालेला दिसतो.

थोडे मागे जाऊ. १८३९ साली पॅरिसमध्ये डागेरची छायाचित्रणाची रीत जाहीर झाली, तेव्हा चित्र उमटत असे ते चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर. एक पत्रा, एक चित्र. त्याची दुसरी प्रत निघत नसे. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने काचेवर कलोडियनचा ओला लेप देण्याची पद्धत काढली आणि एका काचेवरून कागदावर हव्या तितक्या प्रती निघू लागल्या. अडचण एवढीच, की लेप ओला आहे तोवरच, म्हणजे काही मिनिटांतच, चित्र घेऊन काच धुवावी लागे. छायाचित्रकाराबरोबर रसायनांच्या बाटल्या, पाणी आणि काळोखा तंबू असा सगळा संसार चाले. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्सने जिलेटिनच्या कोरड्या काचांची वाट दाखविली, तेव्हा कुठे पुढे हा तंबू सुटला.

इंदूर आणि हैदराबादकडील वाचकांना लाला दीनदयाळ हे नाव परके नाही. मेरठजवळच्या सरधन्याचे हे गृहस्थ १८६६ साली इंदुरात बांधकाम खात्यात नोकरीला लागले, तेथेच छायाचित्रणाकडे वळले. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी त्यांना उत्तेजन दिले आणि पुढे ते हैदराबादच्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. १९०५ साली ते वारले. त्यांच्या २,८५७ काचा १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने विकत घेतल्या. काच म्हणजे वजनाला भारी आणि हातातून निसटली की संपली. तरी इतक्या काचा शंभर वर्षांनंतर हाती लागल्या, याचे एक कारण अगदी साधे आहे. चित्र उमटलेल्या काचेवर दुसरे चित्र घेता येत नाही. टिपणे आणि जपणे ही दोन्ही कामे तीच एक वस्तू करीत होती. छायाचित्रकाराने काही वेगळे केले नाही, नुसती काच फेकून दिली नाही, तरी चित्र राहत होते.

फिल्म आली आणि ओझे उतरले. जॉर्ज ईस्टमनचा पहिला कोडॅक कॅमेरा १८८८ सालचा. त्यात शंभर चित्रांचे रीळ कारखान्यातच भरलेले असे; ते संपले की सगळा कॅमेराच रॉचेस्टरला पाठवायचा, तेथे चित्रे काढून नवे रीळ भरून तो परत यायचा. आपल्या पिढीला आठवतात ते छत्तीस चित्रांचे रोल. बारशाला तीन, मुंजीला बारा, कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला गेलो तर चार, असा हिशेब करून रोल वर्षभर पुरवायचा. ही काटकसर त्या वेळी जाचक वाटे. आता मागे वळून पाहिले तर असे दिसते, की निवड चित्र घेण्याआधीच होऊन जात असे. त्यामुळे जे काही निघे ते अल्बमात जाई.

जुने सगळे टिकाऊ होते, असा मात्र कोणी गैरसमज करून घेऊ नये. सुरुवातीची चित्रपटांची फिल्म नायट्रेटची, म्हणजे जवळजवळ स्फोटक जातीचीच. दादासाहेब फाळके यांनी बडोद्याच्या कलाभवनात शिकून, गोध्र्याला छायाचित्रणाचा व्यवसाय करून, १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला. त्याचाही आज काही भागच उरला आहे. भारतात तेराशेच्या वर मूकपट तयार झाले, त्यांतले तीसदेखील धडपणे हाती नाहीत. काही आगीत गेले, काही दमटपणाने विरघळले, आणि काही तर फिल्मवरची चांदी काढून घेण्यासाठी मुद्दाम धुतले गेले. २००३ च्या जानेवारीत पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात लागलेल्या आगीतही जुन्या नायट्रेट फिल्मची रिळे जळाली. म्हणजे धुऊन-पुसून मोकळे होण्याची वृत्ती जुनीच आहे. फरक असा, की फिल्म पुसण्यासाठी मुद्दाम उठून काहीतरी करावे लागे.

ही अट प्रथम काढून टाकली ती चुंबकीय फितीने. जपानमध्ये १९७५ साली बीटामॅक्स आणि १९७६ साली व्हीएचएस निघाले. १९८२ च्या एशियाडच्या वेळी आपल्याकडे रंगीत दूरदर्शन सुरू झाले आणि त्यामागोमाग व्हिडिओ घराघरांत आला. लग्नात दिव्याचा मोठा झोत अंगावर घेत अक्षता टाकण्याचे दिवस ते हेच. तीन तासांची कॅसेट. तिच्यावर लग्नही टेप करता येत होते आणि लग्नावर क्रिकेटची मॅचही. किती घरांतली लग्ने अशी मॅचखाली गाडली गेली असतील! ज्यांनी नीट जपली त्यांचे शत्रू दोन : आमच्याकडचा चार महिन्यांचा पाऊस, ज्याने फितीवर पांढरी बुरशी धरते, आणि यंत्रांचा अंत. व्हीसीआर बनविणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीने २०१६ साली उत्पादन थांबविले. फीत शाबूत आहे, पण वाचायला यंत्र नाही, अशी अवस्था आज पुष्कळ घरांत आहे.

आता कार्डाकडे येऊ. फिल्मवाचून चालणारा पहिला हातात धरण्याजोगा डिजिटल कॅमेरा खुद्द कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने १९७५ साली जुळविला. चित्र कृष्णधवल, शंभर आडवे आणि शंभर उभे असे एकूण दहा हजार बिंदूंचे. ते साठवायला त्याने साधी कॅसेट वापरली आणि एक चित्र तिच्यावर उतरायला तेवीस सेकंद लागत. एका कॅसेटमध्ये किती चित्रे ठेवायची, हे त्यानेच ठरवायचे होते. त्याने तीसचा आकडा धरला. कारण फिल्मचे रोल चोवीस आणि छत्तीसचे मिळत, तीस हा त्यांच्या मधला! नवी वस्तू घडविणाऱ्याच्या डोळ्यांपुढेही जुन्या वस्तूचेच माप असते, हे मी वर्गात औद्योगिक क्रांती शिकविताना नेहमी सांगतो. त्याचे इतके चपखल उदाहरण दुसरे मला आढळलेले नाही.

१९८८ साली जपानच्या फुजीने कार्डावर चित्र साठविणारा कॅमेरा दाखविला. त्या कार्डात दोन मेगाबाइट जागा, म्हणजे पाच ते दहा चित्रांची. आणि त्यातली स्मृती जिवंत ठेवायला कार्डातच छोटी बॅटरी. बॅटरी संपली की चित्रे गेली. विजेचा पुरवठा बंद झाला तरी विसरणार नाही अशी स्मृती हवी होती, आणि ती त्याच देशात, दुसऱ्या एका कंपनीत तयार झालेली होती.

तोशिबातील फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या एका तांत्रिक परिषदेत या स्मृतीची कल्पना मांडली. आज आपल्या कार्डांत असते तो तिचा 'नँड' हा प्रकार १९८७ मधला. मूळ तत्त्व त्याआधीचे, १९६७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सापडलेले. वाळूच्याच जातीच्या, वीज न वाहू देणाऱ्या थराने चहूबाजूंनी वेढलेली एक सूक्ष्म कोठडी कल्पावी. दाब देऊन तीत इलेक्ट्रॉन कोंडले, की वीज गेली तरी ते आतच राहतात. कोंडलेले की रिकामे, एवढ्या दोन खुणांवर सगळी लिपी. लिहिणे जमले होते. अडत होते ते पुसण्याशी. जुन्या तऱ्हेच्या एका चिपला पुसण्यासाठी काचेची खिडकी ठेवून तिला वीस-वीस मिनिटे अतिनील प्रकाशात ठेवावे लागे. दुसऱ्या तऱ्हेत विजेने पुसता येई, पण एकेक अक्षर खोडावे तसे. मासुओका यांनी कोठड्यांचा अख्खा गट एका फटक्यात रिकामा करण्याची युक्ती काढली. ते पाहून त्यांचे सहकारी शोजी आरिइझुमी यांना कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा लखलखाट आठवला आणि त्यांनी या स्मृतीला 'फ्लॅश' हे नाव सुचविले.

हे नाव मला फार महत्त्वाचे वाटते. फ्लॅश मेमरी हे नाव टिपण्यावरून पडलेले नाही, जपण्यावरूनही नाही. ते पडले आहे पुसण्यावरून. आपण जिला आठवणींची डबी समजतो ती वस्तू शाळेतल्या पाटीच्या जातीची आहे. पाटीवर लिहावे, बाईंना दाखवावे, वहीत उतरवावे आणि ओल्या फडक्याने पुसावे. पाटी वाईट असते असे कोणी म्हणणार नाही. पण पाटीवर कोणी पोथी लिहून ठेवीत नाही.

मासुओका यांच्या वाट्याला काय आले, तेही सांगून टाकतो. १९९४ मध्ये ते कंपनी सोडून तोहोकू विद्यापीठात गेले. पुढे मोबदल्यासाठी त्यांना आपल्या जुन्या कंपनीविरुद्ध न्यायालयात जावे लागले आणि २००६ साली ८ कोटी ७० लाख येनवर तडजोड झाली. येनचे रुपये केले, की ही रक्कम डोळे दिपविणारी राहत नाही. असो.

यानंतरची पंधरा वर्षे म्हणजे कार्डांची यादवी. १९९४ साली सॅनडिस्कने कॉम्पॅक्टफ्लॅश काढले. काडेपेटीच्या लांबी-रुंदीचे, मजबूत. (या कंपनीच्या तीन संस्थापकांपैकी संजय मेहरोत्रा हे मूळचे कानपूरचे.) १९९५ मध्ये तोशिबाचे स्मार्टमीडिया आले, ते पोस्टाच्या पाकिटातून पाठविता येईल इतके पातळ, एक मिलिमीटरही जाड नाही, आणि त्यातही विजेच्या दाबानुसार दोन जाती, एकीचे कार्ड दुसरीच्या कॅमेऱ्याला चालायचे नाही. १२८ मेगाबाइटपलीकडे त्याची मजल गेलीच नाही. १९९८ मध्ये सोनीची च्युइंगगमच्या पट्टीसारखी मेमरी स्टिक, १९९९ मध्ये पॅनासॉनिक, सॅनडिस्क आणि तोशिबा या तिघांनी मिळून जाहीर केलेले एसडी, २००२ मध्ये ऑलिंपस आणि फुजीचे एक्सडी. त्या काळात कॅमेरा घेणे म्हणजे मुलगी देण्यासारखे होते : एकदा घर ठरले की कार्ड, कार्ड वाचण्याचे यंत्र, पुढचा कॅमेरा, सगळे त्याच घरचे. एक्सडीवाल्यांचे घर बसले, स्मार्टमीडियाचे त्याआधीच बसले होते, आणि २०१० साली सोनीनेही आपला हट्ट सोडून आपल्या कॅमेऱ्यांत एसडी कार्डाला जागा दिली.

एसडी जिंकले ते सर्वांत सरस होते म्हणून नव्हे. ते एकट्याचे नव्हते म्हणून जिंकले. २००० साली त्यासाठी संघ स्थापन झाला, पुष्कळ कारखानदार त्यात आले, आणि ज्याच्या पाठीशी अनेकजण असतात ते एकाचा व्यवसाय बुडाला तरी बुडत नाही. द्विभाषिक जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. आमच्या बाजारात जी बोली दोन्हीकडचे गिऱ्हाईक समजू शकते तीच चालते. गमतीची गोष्ट अशी, की एसडी यातला 'एस' म्हणजे सुरक्षित. गाण्यांची चोरटी नक्कल होऊ नये म्हणून त्यात कुलपाची सोय केली होती. ते कुलूप फारसे कोणी वापरले नाही. कार्डाच्या कडेला जी सरकती पट्टी असते तिचा त्या कुलपाशी संबंध नाही. ती नुसती खूण आहे. ती पाहून लिहायचे थांबावे, हे काम कॅमेऱ्याने करायचे.

मुलांच्या पालकांना मी जे सांगतो ते या इतिहासातूनच येते. साधे एसडी कार्ड दोन जीबीपर्यंतचे. २००६ साली एसडीएचसी आले, ते बत्तीस जीबीपर्यंत. २००९ साली एसडीएक्ससी, ते त्यापुढचे. आकार तिन्हींचा एकच, ३२ बाय २४ मिलिमीटर; त्यामुळे खाचेत बसते म्हणून चालेल, अशी फसगत होते. नवा कॅमेरा जुने कार्ड वाचतो, जुना कॅमेरा नवे कार्ड वाचत नाही. २००६ च्या आधीच्या कॅमेऱ्याला दोन जीबीचे किंवा त्याहून लहान कार्डच शोधावे. २००७-०८ चा असेल तर बहुधा बत्तीसपर्यंत चालते. कॅमेऱ्यावर किंवा त्याच्या पुस्तिकेत एसडीएचसी ही अक्षरे आहेत का, ते पाहावे.

व्हिडिओ कॅमेरा असेल तर जागेबरोबर वेग पाहावा लागतो. इंग्रजी सी अक्षराच्या कोंदणात छापलेला २, ४, ६ किंवा १० हा आकडा म्हणजे कार्ड सेकंदाला किमान तितके मेगाबाइट लिहून घेईल, ही हमी. यू या अक्षरात १ असेल तर दहा, ३ असेल तर तीस. अलीकडच्या कार्डांवर व्ही अक्षरापुढे ३०, ६० किंवा ९० असते, त्याचा अर्थ सरळ तोच. ठळक अक्षरांत छापलेला शे-दीडशेचा आकडा वाचण्याचा वेग असतो. चित्रीकरणाशी त्याचा संबंध नाही. २००६ नंतरच्या एव्हीसीएचडी पद्धतीच्या कॅमकॉर्डरला सेकंदाला तीन मेगाबाइट पुष्कळ होतात. त्याला चार नंबरचे कार्ड पुरते आणि सोळा जीबीत दीड तासाच्या आसपास चित्रण मावते. सेकंदाला शंभर मेगाबिट लिहिणाऱ्या आजच्या फोर-के कॅमेऱ्याला साडेबारा मेगाबाइट लागतात. त्याला यू-तीन किंवा व्ही-तीस हवे आणि ६४ जीबी जेमतेम दीड तास पुरतात. एका मोठ्या कार्डापेक्षा दोन मध्यम कार्डे घ्यावीत. पावती देणाऱ्या दुकानातून घ्यावीत. कारण आठ जीबीच्या कार्डावर १२८ ची चिठ्ठी चिकटवून, आतल्या नियंत्रक चिपलाही तसेच खोटे बोलायला शिकवून विकणारे महाभाग आहेत. अशा कार्डात पहिली आठ जीबी व्यवस्थित उतरते, पुढचे कुठेच जात नाही, आणि कॅमेरा तक्रार करीत नाही. नवे कार्ड आणले की ते एकदा काठोकाठ भरावे, संगणकावर परत उतरवून सगळ्या फायली उघडतात का पाहावे, आणि मगच कार्यात वापरावे.

इतके करूनही पाटी ती पाटीच. आमच्या भागात जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या बायका आता बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत. त्यांच्या ओव्यांत मराठीतून कन्नडात आणि कन्नडातून मराठीत असे सहज जाणे-येणे असते. माहेर एका भाषेचे, सासर दुसऱ्या भाषेचे, आणि ओवी दोहोंची. काही वर्षांपूर्वी शेजारच्या गावातल्या अशा एका आजींच्या ओव्यांचे चित्रण एका मंडळाने भाड्याच्या कॅमेरावाल्याकडून करविले. चांगले दोन-अडीच तास. मंडळाने प्रत मागायला आठवडा लावला आणि तोवर त्या गृहस्थाने तेच कार्ड फॉर्मॅट करून एका लग्नाला नेले होते. त्याच्या लेखी कार्ड म्हणजे रोजची पाटी. त्याचे फारसे चुकले, असेही म्हणता येत नाही.

फॉर्मॅट करताना बहुधा अनुक्रमणिकेचे पान तेवढे फाडले जाते. मजकूर दुसरे काही वर लिहिले जाईपर्यंत तसाच असतो. म्हणून कार्ड त्या क्षणी बाजूला ठेवले असते तर सगळे मिळाले असते. आमचा एक माजी विद्यार्थी संगणकाचे काम करतो. त्याने खटपट करून शेवटची अकरा मिनिटे परत मिळविली. बाकीच्या ओव्यांवर लग्न होते. पुन्हा चित्रण करू म्हणेपर्यंत आजी गेल्या.

न पुसलेले कार्डही कायमचे नव्हे. कोठडीतले इलेक्ट्रॉन थोडेथोडे पाझरतात. सर्वसाधारणपणे दहा वर्षांच्या आसपासचा हिशेब धरला जातो आणि उष्णतेने, वारंवारच्या पुसण्याने तो कमी होतो. देव्हाऱ्यात लग्नाचे कार्ड डबीत घालून ठेवणारी माणसे मी पाहिली आहेत. ते संगणकावर उतरवून त्याच्या दोन प्रती, त्यातली एक दुसऱ्या गावच्या भावाकडे, एवढे तरी झालेच पाहिजे.

आणखी एक गोष्ट. आमच्या घरी आजोबांच्या वेळचा एक एकत्र फोटो आहे. त्याच्या पाठीवर आजोबांनी मोडीत अकरा नावे लिहिली आहेत; ती नसती तर मागच्या रांगेतल्या चौघांना आज कोणीच ओळखले नसते. कार्डाला पाठ नसते. कॅमेरा चित्राला जे नाव देतो ते रोमन लिपीतली चार अक्षरे आणि चार आकडे एवढेच. ९९९९ झाले की पुन्हा एकपासून. म्हणजे दोन दिवाळ्यांचे दोन वेगळे फोटो एकाच नावाचे असू शकतात आणि एकाच फोल्डरमध्ये उतरविताना एकाने दुसऱ्याला पुसण्याचा धोका असतो. यासाठी आम्ही शाळेत दर कार्यक्रमाला साल आणि प्रसंग लिहून वेगळा फोल्डर करतो. दहावीच्या निरोप समारंभाच्या फोटोचा कागदी प्रिंट काढतो आणि त्याच्या पाठीवर मुलांकडूनच रांगेने नावे लिहून घेतो. एकदा देवनागरीत, एकदा कन्नडात, कारण त्यांची मुले कुठल्या माध्यमात शिकतील हे आज कोणालाच सांगता येत नाही. गेल्या वर्षीच्या फोटोत डाव्या टोकाला उभ्या असलेल्या आमच्या शिपाईमामांचे नाव लिहायचे राहिले होते. मुलींच्या ते लक्षात आले, आणि मामांनी आपले नाव स्वतःच लिहिले, दोन्ही लिप्यांत.